नखाएवढं लोखंड

लातूर, रविवार संध्याकाळ

आज मावशीनं विचारलं, "नांदेडच्या लॅबमध्ये तू काय करायलास?" मी सांगितलं, लोखंडाच्या आतले कण बारीक केले की ते जास्त मजबूत होतं. फारच बारीक केले तर मात्र उलट मऊ पडतं.

"मग त्याचं घर भूकंपात पडायचं न्हाई?"

"मावशी, अजून नखाएवढाच तुकडा जमलाय."

"इतक्या वर्षांत नखाएवढा? तेवढ्यात आमच्या गल्लीत चार क्लास उभे राहिले."

नखाएवढा. हसलो, पण लागलंच. भूकंपापासून ती छताखाली झोपत नाही. बाज अंगणात नेताना म्हणाली, "माझ्या बाजेवर छत होईल एवढा तुकडा झाला की सांग. आत झोपीन."

मी बाजेचं दुसरं टोक उचललं आणि "बघतो" म्हणालो.