घाटावर हाका मारणारा म्हातारा

आबा, तुमचं भूत झालंय असं लोक म्हणायला लागलेत. हे तुम्हाला सांगावं की नाही याचाच मला आधी घोर लागला होता. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चूल विझवली का, कडी लावली का, हे बघायला मी दोनदा उठायचो. आता इथे दोह्यात, मुलाच्या अल हिलाल भागातल्या फ्लॅटमध्ये चूल नाही, तर गॅसचं बटण बघायला उठतो.

झालं असं की सुट्टीत सगळ्यांनी सांगलीला जायचं ठरलं होतं. नातीने फोनवर गावाचं नाव टाकलं आणि एक व्हिडिओ निघाला. सांगलीचा काळा इतिहास म्हणे. मागे कुत्रं रडल्यासारखं संगीत. प्लेगात गाव कसं ओस पडलं, पुरात माणसं कशी गेली, पुलावरून कुणी कुणी उड्या टाकल्या, सगळं त्यात होतं. आणि शेवटी म्हणे, दिवेलागणीला घाटाजवळ नावेत एक म्हातारा दिसतो आणि हाका मारतो, ‘चला पाव्हणं, घरी चला, माणसं वाट बघत्यात.’ जो ओ देतो तो बुडतो.

मी चष्मा काढला आणि पुसत बसलो. ते तुमचे शब्द होते आबा, जसेच्या तसे.

नात म्हणाली, “आजोबा, मी नाही येणार तिथे. इट्स हाँटेड.” तिला मराठी सगळं कळतं, पण घाबरली की इंग्रजीत जाते. मुलगा ऑफिसमधून आला, त्याने ऐकलं आणि म्हणाला, “बाबा, ती नाही म्हणतेय तर या वेळी जॉर्जियाला जाऊ. तिकिटं अजून काढली नाहीत. सांगली पुढच्या वर्षी.” त्याचं चूक नाही. पण पुढच्या वर्षाचा भरवसा त्याच्या वयात असतो. माझे गुडघे आणि बीपी बघता मला एकदा घाट बघायचा होता तो याच वर्षी. मी तोंडाने “बरं” म्हणालो आणि जेवण अर्धं टाकलं.

तुमचं काम लोकांना नको असायचं आणि तुमच्यावाचून चालायचंही नाही. नदीत कुणी बुडालं की आपल्या दारात माणसं यायची. तुम्ही लगेच नाव सोडायचात आणि पाण्यावर वाकून याच हाका मारत जायचात. सापडलेल्या माणसाला घाटावर आणलं की आई चहा पाठवायची. तुम्ही कपातला प्यायचात, आणि बशीतला त्याच्या शेजारी ठेवायचात. एकदा मी “मढं आणलं का?” असं विचारलं. तुम्ही कधी हात उगारला नाही, तेव्हाही नाही. ओला टॉवेल पिळता पिळता म्हणालात, “मढं म्हणू नगंस. कुणाच्या तरी घरचं माणूस हाय. आपल्याकडं आलंय, म्हंजे पाव्हणा.” मग प्लेगाचं सांगितलंत. खांदा द्यायला माणूस उरला नव्हता, तेव्हा तुमच्या आज्यानं मेलेल्यांना नावेतून पलीकडे नेलं, आणि वाटभर तो त्यांच्याशी बोलत होता, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. तिथून हे आपल्या घरात आलं. त्या दिवसापासून मला नदीची भीती वाटली, अंधाराची वाटली, पण मेलेल्या माणसाची कधी वाटली नाही.

भावकीतले म्हणायचे, “भित्र्या पोराला नावेत घाला, आपोआप धीट होईल.” तुम्ही हसून म्हणायचात, “नावंला त्यो नगं, त्याला नाव नगं. कशाला भांडण लावता?” सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा तुम्ही मला फिटरच्या हाताखाली घातलंत. त्या पान्यावर मी इथल्या मेसईदच्या खताच्या कारखान्यापर्यंत आलो. हे तुमच्या हयातीत बोललो नाही, म्हणून आता म्हणतो. तुमचे उपकार आहेत.

मेसईदला आमच्या खोलीतला एक बिहारी भाऊ दुपारच्या जेवणानंतर आडवा झाला तो उठलाच नाही. त्याला न्यायला गाडी यायला वेळ होता. बाकीचे बाहेर जाऊन उभे राहिले. मी, गॅसचं बटण दोनदा बघणारा, त्याच्या उशाशी बसलो. हिंदीत म्हणालो, “चलो मेहमान, घर चलते हैं, लोग राह देख रहे हैं.” आणि थर्मासच्या झाकणात थोडा चहा ओतून त्याच्याजवळ ठेवला.  ओतणारा हात तुमचा होता आबा.

काल हे सगळं नातीला सांगितलं. ती मांडी घालून ऐकत होती.

“म्हणजे तो घोस्ट तुमचे डॅडी?”

“हो. तुझे पणजोबा.”

“ते लोकांना बुडवायचे?”

“बुडालेल्यांना घरी आणायचे.”

 मग ती म्हणाली, “त्यांना स्वतःला कुणी चहा दिला?”

मी तरी दिला नव्हता. तुम्ही गेलात तेव्हा मी इथेच होतो, आणि कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

“आपण त्यांना करक नेऊ,” ती म्हणाली. करक म्हणजे इथला वेलदोडा घातलेला दाट चहा, गाडीत बसून पितात तो. मुलगा लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, “सांगलीपर्यंत थंड होईल गं.” तर ती म्हणते, “मग तिथे बनवू. यल्ला पप्पा, चला, तिकिटं काढा.” त्याने माझ्याकडे बघितलं, आणि काढली.

झोपायला जाताना तिने विचारलं, “पण तो व्हिडिओ खोटा आहे ना? प्रॉमिस?” मी म्हणालो, खोटा, भूतबीत काही नसतं. ते पोरीसाठी होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे खरं लिहितो. तो खोटा नसावा असं मला वाटतं. दिवेलागणीला मी घाटावर चहाची बशी ठेवून कान देणार आहे, आणि तुमची हाक आली तर मी ओ देणार आहे.