सोमवारची भाकर

माय, आज सोमवार. माझ्या सुनेनं सकाळपासून उपासाचं जे रांधलंय ते बघितलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा शिरा आणि वर तळलेले बटाट्याचे पापड. एरवी एवढं आमच्या घरात कुणी खात नाही, उपासाला मात्र खातात. पोरगी गुणाची आहे, मनापासून करते, म्हणून मी काही बोलत नाही. पण पानं घेताना तिनं विचारलं, "आई, तुमची माय एवढी सोमवारवाली होती म्हणता, मग तुम्ही का नाही धरत?" मी शुगरच्या गोळ्यांचं नाव पुढं केलं. ते खोटं नाही, पण तेवढंच खरंही नाही. सगळं सांगत बसले असते तर तिची खिचडी गार झाली असती. म्हणून तुलाच लिहायला बसले. तुला अक्षर येत नव्हतं आणि आता तर तुला जाऊनही लई वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगायचं?

तुझा सोमवार परळीच्या वैजनाथाचा. आमच्या गावातून परळी काही दिसत नव्हती, पण ती कुठल्या अंगाला आहे हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. सोमवारी पहाटे तू सगळ्यांच्या भाकरी थापायचीस आणि शेवटी तुझी स्वतःची. ती जरा जास्तच निगुतीनं थापायचीस असं मला वाटायचं. टम्म फुगलेली भाकर दुरडीत ठेवायची, वर फडकं टाकायचं आणि दिवस मावळेपर्यंत तिला शिवायचं नाही. दिवा लागला, परळीकडं हात जोडून झाले, की मगच तिचा तुकडा मोडायचा. मला ते कधी कळायचं नाही. दिवसभर खायची नाही तर सकाळी करून ठेवायची कशाला? "कावून करतीस गं मंग?" मी विचारायची. तू म्हणायचीस, "भाकर घरात पायजे, तवाच उपास. नसलेलं सोडायला काय अक्कल लागती?" आणि वरून डोक्यात टपली.

एरवी तू कधी बसलेली दिसली नाहीस. निंदण, शेण, पाणी, चूल, एकातून दुसऱ्यात. सोमवारी दुपारी मात्र तू लिंबाखाली पाय पसरून बसायचीस, हात मोकळे, तोंड परळीकडं. ना जपमाळ, ना पोथी. मी बाजूला येऊन लोळत पडलेली असते, आणि मला तुझी ती शांतता सहन होत नाही. "गप कावून बसलीस?" "बोलतीय की." "कुनासंगं?" "तुला काय करायचं? जा, शेरडाला पानी दाव." मी उठून जाते, पण जाताना मागं वळून बघते. माहेरचं माणूस दारात आल्यावर बाईचा चेहरा होतो ना, तसा तुझा झालेला असतो. खरं सांगते, मला त्या वैजनाथाचा हेवा वाटायचा. आम्हाला कधी तू असा तास दिला नाहीस.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बा पश्चिमेकडच्या एका सहकारी कारखान्यावर ऊसतोडीला गेला होता आणि त्याचा काही निरोप नव्हता. घरात ज्वारीचा दाणा राहिला नाही. सोसायटीच्या दुकानात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तीही कधी मिळायची, कधी नाही, आणि तिच्या भाकरीला तू "ही काय भाकर म्हनायची?" असं म्हणायचीस. तू पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचीस. मला आणि धाकट्याला बरोबर न्यायचीस, कारण तिथं दुपारी सुकडी वाटत. गूळ घातलेला तो कोरडा भुगा सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः उभं राहून वाटायचे. भला माणूस, पोरांच्या हातावर जरा जास्त टाकायचा. पहिले काही सोमवार तू धरलेस. सुकडी आम्हा दोघांना द्यायचीस, आणि आम्ही ती खाताना तुझी नजर आमच्या हातावरून हलायची नाही. तुझा चेहरा त्या सोमवारी माहेरच्या माणसाला बघितल्यासारखा अजिबात नव्हता.

आणि एका सोमवारी तू रांगेत उभी राहिलीस, जर्मनचं, हलक्या पत्र्याचं ताट पुढं केलंस. सेक्रेटरींचा हात थांबला. त्यांना बिचाऱ्यांना आठवण करून द्यावी वाटलं असेल. म्हणाले, "वैनी, आज सोमवार हाय." तू म्हणालीस, "ठावं हाय मला. सोमवार हाय, माझा उपास न्हाई. वाढा तुमी." खडीच्या ढिगावरच्या सगळ्या बाया तुझ्याकडं बघायला लागल्या. तू कुणाकडं पाठ केली नाहीस. सगळ्यांच्या समोर बसून खाल्लंस, ताट बोटानं पुसून घेतलंस आणि हातोडा उचललास. बाया आठवडाभर बोलत होत्या. आडाच्या तळाला वाटीनं पाणी भरता भरता आपली चुलती तर तुला ऐकू जाईल असंच म्हणाली, "हिनं वैजनाथाचा सोमवार मोडला. आता त्यो कशाला बघतोय आपल्याकडं?" तू घागर डोक्यावर घेतलीस आणि चालू लागलीस. मी मागून येता येता परळीकडं गुपचूप हात जोडले.

तुला बाची काळजी होती, तशी मलाही होती. वैजनाथ रागावला आणि त्यानं तिकडं उसाच्या फडात बाला काही केलं तर? मोठ्या माणसांना हे दिसत कसं नाही, असं वाटायचं. मग मीच ठरवलं, तू सोडलेला सोमवार मी धरायचा. सुकडी हातावर पडली की मी ढिगाच्या मागं जायची आणि धाकट्याला द्यायची. त्याला काय, त्याला सोमवार लई आवडायला लागला. मग एका सोमवारी उन्हात माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, मी खडीवर बसले ती उठेचना, आणि त्या येड्यानं भडाभडा सगळं सांगितलं. तू माझा कान धरलास तो अजून दुखतो असं वाटतं. सेक्रेटरींकडून मूठभर सुकडी मागून आणलीस, पाण्यात कालवलीस आणि तुझ्या हातानं माझ्या तोंडात कोंबलीस. "कुनी मागितला तुला उपास? लेकराचा उपास मागनारा देव मला नगं." मी रडत म्हणाले, तू सोडलास म्हणून तो रागावलाय, बा परत येणार नाही. तेव्हा तुझा हात सैल झाला. तू माझं तोंड पदरानं पुसलंस आणि हळू आवाजात, बायांना ऐकू जाऊ नये अशी, बोललीस, "त्यो न्हाई रागावला. अगं, पोट रिकामं हाय, पन त्यात त्याला बसायला जागा न्हाई. भूकच बसलीय पाय पसरून. दिसभर मनात भाकर आन् तोंडात त्याचं नाव, ही फसवनूक मला न्हाई जमत. दुष्काळानं नेलंय ते मी दिलं म्हनून कसं सांगू त्याला? म्या सांगून ठेवलंय, घरात भाकर आली की येते."

बा आला, माय, तुला माहीतच आहे. वाळून काटकी झालेला, पण आला. पुढच्या साली पाऊस झाला, शाळू पिकला, घरात नवी ज्वारी आली. गावभर नव्याची जेवणं चालली होती. रविवारी तूही सगळ्यांना पोटभर घातलंस, स्वतः पोटभर जेवलीस. आणि सोमवारी पहाटे मी जागी होते तर तू गुणगुणत भाकरी थापतेस. शेवटची भाकर दुरडीत, वर फडकं. लोक नवं धान्य खाऊन सण करतात, तू ते न खाता केलास. त्या दुपारी मी लिंबाखाली आले आणि या खेपेला काही विचारलं नाही. तूच सरकून जागा केलीस. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तू ज्याच्याशी बोलत होतीस त्याच्याशी बोलत राहिलीस. मला त्याचा हेवा वाटायचा तो त्या दिवशी संपला.

तुझ्या शेवटच्या दिवसांत मी तुला इथं अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं होतं. घास आत जात नव्हता. पेजेचे दोन चमचे, तेही माझ्या भिडेखातर घ्यायचीस. सोमवारी बघायला आलेल्या एका बाईनं तुझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "पुण्यवान हाय म्हातारी, असल्या दुखन्यातबी सोमवार घडतोय." तू मान हलवलीस. "न्हाई बाई. हा उपास न्हाई. जातच न्हाई, त्याला काय करू?" आणि डोळे मिटलेस. तुला इतकं उदास मी दुष्काळातही पाहिलं नव्हतं. त्याच्याकडं जायची वेळ आली होती आणि हातात द्यायला काही नव्हतं, हे कुणाला कळलं नाही, मला कळलं. मी उठले, घरी गेले, पीठ मळलं, एक भाकर थापली. फुगली, नशीब. फडक्यात गुंडाळून आणली आणि तुझ्या हाताजवळ ठेवली.

तू डोळे उघडलेस. भाकरीवर तळहात ठेवलास. "गरम हाय," म्हणालीस. वास घेतलास, आणि मला वाटलं आता तुकडा मागतेस. खरंच वाटलं. मग तू फडक्याचं टोक ओढून भाकरीवर घेतलंस, नीट झाकलंस, आणि ती उशाकडं सरकवलीस. "ऱ्हाऊ दे. आज सोमवार." नंतर दुपारभर तुझे ओठ हलत होते. नर्स म्हणाली, "आजी, कुणाशी बोलताय?" मी तिला खूण करून गप्प केलं. दिवेलागणीला तू गेलीस.

तुझ्यामागं मीही काही सोमवार धरून बघितले. सकाळी भाकर केली, झाकून ठेवली, सगळं तुझ्यासारखं. पण दिवसभर मला वैजनाथ काही आठवायचा नाही, तूच आठवायचीस. तुझ्या हिशेबानं तो उपास झाला नाही, म्हणून सोडून दिला. सुनेला हे कसं सांगायचं?

हा कागद कुठं पोचायचा नाही. दुरडी अजून माझ्याकडं आहे, तिच्या तळाला ठेवीन. पण त्या दिवशीचं एक राहिलं. लोक गाडी आणायला गेले होते, बाकीचे बाहेर रडत होते, आणि तुझ्या उशाशी ती भाकर तशीच होती. लोक म्हणतात, आई गेली की लेकीच्या घशाखाली घास उतरत नाही. माय, मी ती भाकर खाल्ली. तुझ्या शेजारी बसून, कोरडी, गार, अख्खी. कुणाला कधी सांगितलं नाही. लई गोड लागली.