दहापैकी नऊ गुण

३ जानेवारी, सकाळी ६
चाळीस पोरं एका चालीत कविता म्हणताहेत आणि गुरुजींची पट्टी टेबलावर ठेका धरतेय. टक्, टक्, टक्. साठ वर्षं झाली, आवाज अजून कानात आहे. आता कशालाच चाल उरली नाही. बँकेला तर मुळीच नाही. काल क्लार्कने मान वर न करता व्याजाचा दर सांगितला. चहाचाही खर्च निघायचा नाही. संतापून ठेव मोडली. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे तीन लाख आहेत. तारीख १८ मे. तोवर पैशांनी नुसतं लोळत का पडावं?

४ जानेवारी
वेबसाइट सापडली. साध्या माणसाने साध्या माणसाला कर्ज द्यायचं, मध्ये बँक नाही. चौदा टक्के! जावयाला फोनवर सहज विचारलं. म्हणे, बुडाले तर कुणी भरून देत नाही, आणि मध्येच हवे असतील तर निघत नाहीत. जावई विमा विकतो. भीती हाच त्याचा माल. हिला सांगितलेलं नाही. उगाच काळजी करेल.

६ जानेवारी
कर्ज मागणाऱ्यांची नावं नसतात, नुसते नंबर. पण प्रत्येकाने ‘कर्ज कशासाठी’ यावर चार ओळी लिहिलेल्या. म्हणजे निबंधच! छत्तीस वर्षं निबंध तपासले आहेत मी. माणूस निबंधात लपत नाही. वेबसाइट आपली श्रेणी देते, अ ते ड. तिला कुणी विचारलंय? लाल पेन घेऊन बसलो.
‘दुकानाला फ्रीज घ्यायचा आहे. हप्ते भरीन.’ श्रेणी अ. कोरडं ठाक. तीन गुण, नापास.
‘माझ्या मशीनच्या सुईत मी रोज सकाळचं ऊन ओवते.’ श्रेणी ड. माझे डोळे भरून आले. दहापैकी नऊ. दीड लाख या शिलाईवालीला. उरलेले दीड एका बेकरीवाल्याला. तो पावाच्या वासावर फार हळवं लिहितो.

५ फेब्रुवारी
दोन्ही हप्ते जमा. जावयाला मुद्दाम फोन केला. हिच्यासाठी पाय शेकायची इलेक्ट्रिक पिशवी आणली. ही म्हणाली, पैसे जपून वापरा. मनातल्या मनात हसलो.

६ मार्च
एकही हप्ता नाही. फेब्रुवारी आखूड महिना. गडबड होते माणसाची.

२० मार्च
बेकरीवाला बुडीत! वेबसाइटला फोन लावला. अर्धा तास वाजंत्री ऐकवली, मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की सर, अटी वाचल्याच असतील. त्रेसष्ट पानं! उद्यापासून वाचायच्या.

९ एप्रिल
अकरा पानं झाली. एक वाक्य धड नाही. एवढं कळलं, की जबाबदारी सगळी माझी आणि कमिशन त्यांचं. ‘पैसे काढा’चं बटण दाबून बोट दुखलं. ही जिना चढत होती, कठडा धरून, एकेक पायरी. तिच्यावरच ओरडलो, की जरा आवाज न करता चढ.

२ मे
शिलाईवालीला चार पानी पत्र लिहून, फोटो काढून वेबसाइटमार्फत पाठवलं. ‘ऊन ओवता येतं, मग हप्ता का ओवता येत नाही?’ हे वाक्य फारच उतरलं. नऊ गुण रद्द, शून्य दिलं. शेवटी ‘चोर’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मोठ्याने वाचून पाहिलं. ताल अचूक.

११ मे
हॉस्पिटलला सोळा तारखेपर्यंत पैसे भरायचे आहेत. हिला म्हटलं, थंडीत केलं तर जखम लवकर भरते. ही म्हणाली, डॉक्टर तसं काही बोलले नाहीत. उद्या सगळं सांगणार. पक्कं.

१२ मे
ही हॉस्पिटलची पिशवी भरत होती. गुणगुणत होती. आज नको.

१५ मे, दुपारी ४
बेल वाजली. मी उठेपर्यंत ही त्या गुडघ्यावर दाराशी पोचलीसुद्धा. बाहेर एक अनोळखी बाई, उन्हाने लाल झालेली, हातात फाइल. शिलाईवाली! पत्ता कुठून मिळाला? पत्राच्या उजव्या कोपऱ्यात मीच लिहिला होता, पिनकोडसकट. पोरांना छत्तीस वर्षं तसंच शिकवलं.
तिने पावत्या दाखवल्या. मार्च, एप्रिल, मे. सगळे हप्ते वेबसाइटकडे वेळेवर भरलेले. काल ती त्यांच्या ऑफिसवर जाऊन आली. कुलूप. पाटीही काढून नेलेली. मी उन्हाच्या ओळीचं विचारलं. ती म्हणाली, ते अर्ज भरून देणाऱ्याने लिहिलं, शंभर घेतले त्याने. तिने त्याला नुसतं ‘मशीन घ्यायचंय’ एवढंच सांगितलं होतं.
“काका, मी चोर नाही. तेवढं सांगायला दोन बस बदलून आले.”
ही दार धरून उभी होती, सगळा भार एका पायावर.
“अहो, कसले हप्ते?”
पाहुणीला पाणी आणतो म्हणून मी आत आलो आणि हे लिहीत बसलो आहे. बाहेर दोघी हळू आवाजात बोलताहेत. आता खुर्ची सरकली. पाणी न्यायला हीच उठलेली दिसते.