गिरणीच्या मागच्या फाटकासंबंधी

मी, गिरजा महादू पष्टे, वय एकाहत्तर, धंदा भातगिरणी, राहणार तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपण आणायचा प्रयत्न झाला, तो पुढे येईलच.

१. राहते घर आणि ओढ्याकाठचे भाताचे शेत मुलगा जगदीश याला मिळावे. तो एकुलता एक आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. माझ्या नावावरची गिरणी मात्र त्याला नाही.

२. कारण लिहिते. गिरणीच्या मागे विद्यापीठाचे संशोधन पार्क आहे. काचेची इमारत उभी राहिली, फीत कापली, आणि पुढे तीन वर्षे आत पंख्यांखेरीज काही फिरले नाही. मग अक्षदा देसले ही विद्यार्थिनी भात वाळवायचे यंत्र घेऊन आली. यंत्रातून काढलेले भात तिने तसेच माझ्या गिरणीत घातले, आणि सगळ्याची कणी झाली. तिच्या ओलावा मोजायच्या मीटरवरचा आकडा बरोबर होता. मी उरलेल्यातला एक दाणा दाताखाली धरला. वरून कडक, आत मऊ.

"गरम भात गिरणीत घालत नाय कोनी, पोरी. एक दिस पोत्यात विसावू दे, मंग परत वाळव," मी म्हणाले. तिने वहीत लिहून घेतले, आणि तसेच केले. आज ते यंत्र वाशिंदच्या कारखान्यात बनते. पार्कच्या तेव्हाच्या संचालकांनी शहाणपणाने भिंतीत गिरणीकडे उघडणारे फाटक बसवले. मग कारखान्याची माणसे, शेतकरी, आणखी विद्यार्थी येऊ लागले, आणि पार्कात एकही खोली रिकामी राहिली नाही.

३. नवे संचालक पाहुण्यांना पडद्यावर चित्रे दाखवून सांगतात, की पार्क चालते ते इमारत आणि सोयींमुळे. मला कोणी विचारले नाही, म्हणून इथे लिहिते. बाहेरचा माणूस आत येऊन "तुमचं चुकतंय" म्हणू शकतो, आणि ते ऐकणारा चार-पाच वर्षे तिथेच टिकतो, तेव्हा पार्क चालते. या साहेबांनी सुरक्षेच्या नावाखाली फाटकाला कुलूप घातले. अक्षदाची पार्कातली खोली काढून एका मोठ्या कंपनीला दिली. त्या कंपनीची माणसे वर्षातून दोनदा येतात, फोटो काढतात आणि जातात. मला त्याचा राग आहे, आणि मी तो सोबत घेऊन जाणार आहे.

४. मागच्या महिन्यात साहेब जगदीशला घेऊन घरी आले. गिरणी पाडून तिथे पार्किंग करायचे म्हणाले. वर माझ्या नावाची पाटी लावणार होते.

"आये, दे ना गो. आता गिरणीत हाय काय?" जगदीश म्हणाला.

"गाड्या लावायला जागा करता, पन गाडी घेऊन येनार कोन, तं सांगा आधी," मी विचारले. साहेबांनी चहा अर्धाच ठेवला.

५. गिरणी यंत्रांसह माझी सून रेश्मा हिला द्यावी. गेली सहा वर्षे ती चालवते. माझे दात कोणाच्या नावे करता येत नाहीत, म्हणून दाणा पारखायला मी तिला शिकवले आहे. गिरणीची मागची खोली अक्षदा काम करील तोवर तिच्याकडे राहावी. भाडे घेऊ नये. नवे यंत्र आधी गावच्या भातावर चालवावे आणि चुकले तर रेश्माने तोंडावर सांगावे, एवढीच अट. माझ्या नावाची पाटी कुठेही नको.

६. साहेबांना गिरणी हवीच असेल, तर त्यांनी फाटकातून चालत यावे, गिऱ्हाइकांदेखत एक दाणा चावावा आणि भात गिरणीत घालण्याजोगे आहे का ते सांगावे. उत्तर बरोबर आले तर रेश्माने विकण्याचा विचार करावा. विचारच करावा.

ठिकाण मुरबाड. म्हशाची जत्रा उठल्यानंतरचा सोमवार, १९ जानेवारी २०२६.

सही: गिरजा महादू पष्टे

साक्षीदार: देवराम धाकलू विशे, शेजारी.

साक्षीदार: साईनाथ भोईर, पार्कचा चौकीदार. नोकरी जाईल हे मी त्याला आधीच सांगितले होते. त्याने दोनदा वाचले आणि सही केली. मग म्हणाला, "आये, किल्ली माझ्याकडंच हाय. उद्या सकाळी फाटक उघडतंव." हे मी त्याच्या देखत लिहिले आहे.