झाकण बंद आहे ना?

३ मार्च, सोमवार
आजपासून काळा थर दिलेल्या काचा भाजून झाल्या की कोरड्या पेटीत सांभाळायची जबाबदारी माझी. या काचांवर ऊन पडलं की वीज निघते. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, थर कुणीही देतो, टक्केवारी वाढते ती नंतरच्या उपचारानं. म्हणजे माझ्या हातून. सध्या पडलेल्या उन्हापैकी सतरा टक्क्यांचीच वीज होते. वीस झाले तर माझी नोकरी कायम. शत्रू एकच, दमट हवा. निश्चय: ढिलाई शून्य.

४ मार्च, ११.४०
पेटी नीट बंद आहे ना, उघडून पाहिलं. बंद होती.

११.५५
पुन्हा पाहिलं. बंदच.

६ मार्च
चौदा टक्के. दमट हवा शिरते कुठून? सफाईवाल्या मावशींच्या ओल्या फडक्यावर संशय. सौम्य शब्दांत सुचवलं. म्हणाल्या, कोरडी लादी पुसायची विद्या तूच शिकव बाबा.

१० मार्च
पहारा कडक. आता झाकण काढून अगदी नाक टेकवून बघतो. आज काचेवर चक्क धुकं! लगेच रुमालानं टिपलं. मी नसतो तर काय झालं असतं?

११ मार्च
अकरा टक्के. काळा थर पिवळा पडला. मला सोनेरी वाटला. संशोधन करणारा चष्मेवाला म्हणाला, आपण वीज बनवतोय की रंगपेटी? जळतो माझ्यावर.

१२ मार्च
भावोजी आले. त्यांच्याच शब्दावर ही नोकरी. कायम कधी होणार, विचारलं. झाल्यातच जमा, म्हणालो. ताईनं माझ्याकडे बघितलं नाही.

१३ मार्च
ताप. तरी निघालो होतो. आईनं चपला लपवल्या. चष्मेवाल्याला फोनवर बजावलं, पेटीवर लक्ष ठेव. हो म्हणाला. आवाजावरून ठेवणार नाही.

१७ मार्च
एकवीस टक्के! चष्मेवाल्यानं स्वतः कबूल केलं की त्यानं पेटीला हातही लावला नाही. म्हणजे श्रेय निर्विवाद माझं. उपचार मुरायला वेळ लागतो. खात्रीसाठी मॅडम दोन खेपा करणार: एक मी हजर असताना, एक मला रजा देऊन.

२१ मार्च, शुक्रवार
हजर: बारा. रजा: एकवीस. मॅडमनी दोन्ही आकडे वहीत लिहिले. मग म्हणाल्या, "तुला कायम करते. पण खुर्ची दाराबाहेर. आत कुणी जायचं नाही, एवढंच बघायचं. कुणी म्हणजे तू."
भावोजींना फोन केला. सुरक्षा विभागात बढती, असं सांगितलं.

२४ मार्च, ९.०५
खुर्चीवर रुजू. दार बंद.

९.१०
दार नीट बंद आहे ना, एवढंच उघडून पाहिलं. आत मॅडम उभ्या होत्या.