नव्या बाजाराचं फाटक

आईला जार्सोचा नमस्कार. तिकडे पाऊस पडून गेला असेल आणि गायी दूध देत असतील, असं धरून लिहितोय.

मी बरा आहे. सरहद्दीवरचा मोठा बाजार सुरू झाला. इथिओपियाचे आणि केनियाचे ट्रक दिवसभर रांगेत असतात. मला गणवेश मिळाला, उंटिणीच्या दुधाचा चहा दोन वेळा मिळतो. फाटक माझ्याकडे आहे.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी एक सांगतो. गाल्गालोकाका नेहमीच्या वाटेनं गुरं घेऊन आले होते. त्या वाटेवर आता कुंपण आहे, आणि गुरांना तपासणीचा कागद लागतो. साहेबांनी गुरं आवारात अडकवली. तिथे पाणी अजून आलेलं नाही.

काका म्हणाले, "अरे, विहीर समोर दिसतेय. जरा फाटक उघड, पाजून लगेच परत आणतो."

"काका, माझी नोकरी जाईल."

"बरं," एवढंच म्हणाले.

कागद चौथ्या दिवशी आला. तोवर अकरा गायी मेल्या होत्या. मी चहा घेऊन गेलो, तर त्यांनी तोंड फिरवलं.

आबांचा गुडघा कसा आहे? तूमेचं बाळ रांगतं का?

आबा पुढच्या महिन्यात इकडे गुरं आणणार आहेत ना? त्यांना अडव. लांबचा फेरा पडला तरी पडू दे. आई, फाटकावर मीच असतो, आणि आबांसाठी तरी मी ते उघडेन, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुझाच,
जार्सो