फैजानची जागा

शिरूर कासार
२७ मे, मंगळवार

फैजानभाई,

सलाम. तू कुठं का असंना, जेवूनखाऊन बरा असशील असं धरून लिहितो. तुझा फोन महिन्यापासून बंद हाय. म्हणून हे पत्र मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पप्पूकडं ठेवतो. तुमचा डीजेचा ट्रक तिथं चहाला थांबतो म्हणला. पप्पूनं मिशा ठेवल्यात, लई बेकार दिसतो. जाऊ दे.

यंदाही उन्हाळ्यात दर जुमेरातीला, गुरुवारी, बाजारतळावर आपला बँड फुकट वाजतोय. ऊसतोडीहून परत आलेली माणसं लेकराबाळांसकट पोती अंथरून बसतात. दादाजान लष्कराच्या छावणीच्या बँडात शिकून आलते, ते जॅझ सगळ्यांना अजून पाहिजे. विमलबाई आली तशी वरडली, "मास्तर, ते लंगडतं गाणं वाजवा! सहा महिने नुसता कोयत्याचा आवाज ऐकला." अब्बा हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मी पण मधी सोलापूरकडं भटकायला गेलतो, पण मला ते काही बोलले न्हाईत. मी कायम जातो आन् येतो. तू एकदाच गेला, ते पण बँड सोडून डीजेवर.

अम्मीचं पुढं लिहितो.

मागच्या जुमेरातीला त्या लंगड्या गाण्यात तुझ्या ट्रम्पेटची जागा आली. तू न्हाईस म्हणून मीच वाजवणार होतो, ट्रम्पेट तोंडाला लावलेला. अब्बांनी हात आडवा केला. खाली नुसता ड्रम आणि झांजा चालू, वर काहीच न्हाई. आपण अशी जागा कधी सोडतो तुला माहीत हाय. सटवाकाका वारले तेव्हा त्यांच्या सॅक्सोफोनची जागा सालभर अशीच रिकामी वाजवली. मेलेल्याचीच सोडतात.

मुकादम आश्रुबानं टोपी काढली. गाणं संपल्यावर अब्बांजवळ आला. "मास्तर, कधी झालं हो? आमाला कळलंच न्हाई." अब्बांनी फक्त मान हलवली. मी म्हणलो, "अहो, जिता हाय तो!" तर आश्रुबा माझ्या खांद्यावर हात ठेवून, "हां बेटा, हां."

वारं आपल्या घराकडंच होतं, अम्मीला सगळं ऐकू गेलं असणार.

मी पळत गेलो. अम्मी चुलीपाशी बसलेली, तव्यावर भाकर जळून काळी. म्हणली, "फैजानका कायकू नै बजा?" तू जिता हाय म्हणून मी कुराणाची कसम घेतली. तुला फोन लावला, बंद. परत लावला. ती म्हणली, "मेरा दिल रखने को बोलरा तू."

तेवढ्यात अब्बा आले. ती त्यांच्याकडं बघत राहिली. एका शब्दानं भागलं असतं. ते ट्रम्पेट पुसत बसले. मी वरडलो, "अब्बा, सांगा ना!" तर म्हणले, "जेवायला वाढा."

तिनं वाढलं. भांडी घासली. सकाळी ती उठलीच न्हाई.

भाईजान, अम्मी गेली. डॉक्टर म्हणला, झोपेतच हृदय बंद पडलं.

कबरस्तानात मौलानांनी विचारलं, मोठा लेक कुठंय? सगळे खाली बघायला लागले. मग अब्बा म्हणले, "हाय. पुण्याकडं हाय. जिता हाय." मागं आश्रुबा उभा होता, त्यानं ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. जिला ऐकायचं होतं तिच्या कबरीवर फळ्या लावून झाल्या होत्या.

तुला शिव्या द्यायला लिहीत न्हाई. अब्बांची बाजू पण घेत न्हाई. घरात आमी दोघंच. रोज वाटतं पिशवी उचलावी आणि कुठंतरी निघावं, पण उंबऱ्याबाहेर पाय पडत न्हाई.

मातीच्या तीन मुठी देतात ना, तेव्हा चाचा म्हणले, फैजानच्या वाटच्या पण तूच टाक. मी न्हाई टाकल्या. जित्या माणसाच्या मी कशाला टाकू? तुझ्या तू ये, आणि तुझ्या हातानं दे.

तुला जिता म्हणत राहिलेला,
गुफरान